अक्षयनीवी : मुद्दल राखून केलेला धर्म

नाशिकाहून मुंबईच्या वाटेस लागलें म्हणजे पांचएक मैलांवर त्रिरश्मि नांवाचा डोंगर लागतो. त्याच्या कमरेला कोरलेल्या लेण्यांना लोक पांडवलेणीं म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं. तीं बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासाकरितां खोदविलेलीं आहेत. येणारे लोक पायऱ्या चढून दमतात, कोरीव खांब पाहतात, ओसरीच्या गारव्यांत घटकाभर बसतात आणि परत फिरतात. दहाव्या लेण्याच्या ओसरींत ज्या ओळी कोरलेल्या आहेत त्यांतील कांहीं ओळी म्हणजे केवळ एका ठेवीची पावती आहे, हें त्यांच्यापैकीं फारच थोड्यांच्या ध्यानीं येतें.

ही ठेव उषवदात नांवाच्या गृहस्थानें ठेविली. तो दीनिकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई. ४२ व्या वर्षीं वैशाखमासीं, म्हणजे हीं वर्षें शकाचीं मानिलीं तर इ. स. १२० च्या सुमारास, त्यानें हें लेणें चारी दिशांच्या भिक्षुसंघास अर्पण केलें आणि त्याजबरोबर ३,००० कार्षापण दिले. पण हे पैसे त्यानें भिक्षूंच्या झोळींत टाकिले नाहींत. लेण्यापासून जवळच गोवर्धन नांवाची त्या काळची पेठ होती. तेथें कोष्ट्यांच्या दोन श्रेणी होत्या. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यांतील लोकांचा संघ. त्याला स्वतःचे नियम असत, स्वतःचा मुखिया असे आणि बाजारांत स्वतःची पत असे. या दोन श्रेणींच्या हवालीं उषवदातानें आपलें द्रव्य केलें. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेंकडा एक या व्याजानें. दुसरीकडे १,००० कार्षापण, दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें.

पुढचा हिशेब शाळेंतील मुलासही करतां येईल. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक म्हणजे सालीना २४० कार्षापण. लेखांत म्हटलें आहे कीं, या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकीं प्रत्येकास चीवराकरितां, म्हणजे वस्त्राकरितां, बारा कार्षापण द्यावे. वीस बारे दोनशें चाळीस. एक कवडी उरत नाहीं, एक कवडी कमी पडत नाहीं. दुसऱ्या ठेवीचे सालाचे ९० कार्षापण कुशणमूल या नांवाच्या खर्चाकरितां लावून दिले आहेत. त्या शब्दाच्या अर्थाविषयीं पंडितांचें एकमत नाहीं, आणि तो वाद येथें उकरून काढण्याचें कारणही नाहीं. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, दात्यानें आधीं गरज मोजली, मग तिच्यावरून व्याज काढलें आणि व्याजावरून मुद्दल ठरविलें. आज कित्येक देणग्या याच्या उलट क्रमानें दिल्या जातात : हाताशीं असेल ती वाटोळी रक्कम द्यावयाची, आणि तिच्यांतून काय निभेल तें संस्थेनें पाहावयाचें.

या ठेवीला लेखांत अक्षयनीवी म्हटलें आहे. नीवी म्हणजे मुद्दल. जें कधीं खर्चावयाचें नाहीं तें अक्षय. लेखांत आणखी दोन शब्द आहेत, ते एखाद्या वकिलानें घालावे तसे नेमके आहेत. हे कार्षापण ‘अप्रतिदातव्य’ आहेत, म्हणजे परत करावयाचे नाहींत. आणि ‘वृद्धिभोज्य’ आहेत, म्हणजे त्यांची वाढ तेवढी भोगावयाची आहे. कोष्ट्यांस हें एक कधींच न फेडावयाचें कर्ज मिळालें. त्यावर सूत घ्यावें, माग चालवावे, कापड विकावें आणि दर पावसाळ्यापूर्वीं वीस वस्त्रांचे पैसे डोंगरावर पाठवावे. भिक्षूंना द्रव्य सांभाळण्याची यातायात नको आणि धंद्याला भांडवल हवें. दोघांचीही सोय एका व्यवहारांत झाली. यांत दानाचें पुण्य किती आणि व्यापारी शहाणपण किती, हें वेगळें काढून दाखविणें कठीण आहे.

व्याजाच्या दराकडेही पाहण्यासारखें आहे. कौटिल्यानें धर्म्य म्हणून जो दर सांगितला आहे तो दरमहा शेंकडा सव्वा, म्हणजे सालीना पंधरा. व्यापारी लोकांकरितां त्यानें याहून पुष्कळ चढे दर सांगितले आहेत. समुद्रावर जाणाऱ्यास तर दरमहा वीस. त्या मानानें नाशिकचे बारा व नऊ हे दर नरम आहेत. चढ्या दराच्या मागें लागून मुद्दल गमावण्यापेक्षां उतरता दर घेऊन तें राखावें, असा विचार येथें झालेला दिसतो. शिवाय पैसा एकाच ठिकाणीं न ठेवितां दोन श्रेणींत वांटला आहे. शेवटीं ही सगळी व्यवस्था निगमसभेंत, म्हणजे नगराच्या व्यापारी पंचायतींत, वाचून दाखविली आणि तेथील रिवाजाप्रमाणें फळीवर नोंदून ठेविली. दगडावर कोरलेला लेख भिक्षूंकरितां होता; फळीवरची नोंद बाजाराकरितां होती. ज्यांच्याकडे ठेव आहे त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत ती नाकारतां येऊं नये, एवढ्याकरितां हा खटाटोप.

उषवदाताच्या दुसऱ्या एका लेखांत त्याच्या दानांची जी यादी आहे ती मोठी थाटाची आहे. तीन लक्ष गाई. देव व ब्राह्मण यांस सोळा गांवें. सालभर एक लक्ष ब्राह्मणांस भोजन. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपलें सोपारें, येथें धर्मशाळा. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर उतारूंकरितां फुकट नावा. खुद्द ठेवीच्या लेखांतही ४१ व्या वर्षीं देव व ब्राह्मण यांस दिलेल्या ७०,००० कार्षापणांचा उल्लेख आहे, आणि एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण हा त्या वेळचा भावही त्यांत टिपून ठेविला आहे. या सगळ्यापुढें कोष्ट्यांकडचे तीन हजार म्हणजे कांहींच नव्हेत. परंतु गाय म्हातारी होते, जेवलेलें अन्न संध्याकाळपर्यंत जिरून जातें, नाव कुजते. नवी नाव आणि नावाड्याचें वेतन दरसाल कोणीतरी दिलें पाहिजे. दाता जिवंत आहे आणि सत्तेवर आहे तोंवर तें मिळतें. पुढें? चिखलपद्र गांवचीं आठ हजार नारळीचीं झाडें त्यानें संघास दिलीं, त्यांत मात्र ठेवीचीच दृष्टि आहे : झाड राखावयाचें, नारळ तेवढा उतरावयाचा.

नहपानाचें राज्य पुढें टिकलें नाहीं. गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचा पाडाव केला. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो सांठा सांपडला, त्यांत तेरा हजारांहून अधिक नाणीं होतीं, आणि त्यांपैकीं नऊ हजारांवर सातकर्णीचा शिक्का पुन्हां मारलेला होता. चांदी जुन्या राजाची, छाप नव्या राजाचा. राज्य उलथलें तरी नाणें बाजारांत चालत राहिलें. पण जमिनीचें तसें झालें नाहीं, आणि ती हकीकत याच डोंगरावर तिसऱ्या लेण्यांत कोरलेली आहे.

आपल्या १८ व्या राज्यवर्षीं गौतमीपुत्रानें विजयी सैन्याच्या छावणींतून गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालितास आज्ञा पाठविली. पश्चिम कखडी गांवांत पूर्वीं उषवदाताच्या भोगवट्यांत असलेलें एक शेत होतें; त्यांतील दोनशें निवर्तनें जमीन त्रिरश्मीवरील भिक्षूंस द्यावी, असें त्यांत होतें. त्या जमिनींत सैनिकांनीं शिरूं नये, मिठाकरितां ती खणूं नये, कामगारांनीं तिला हात लावूं नये, अशा सवलतीही होत्या. कागद, किंवा त्या काळीं जें कांहीं असेल तें, पक्कें झालें. राजा स्वतः बोलला. यापेक्षां भक्कम काय असणार?

सहा वर्षांनीं, २४ व्या वर्षीं, दुसरी आज्ञा निघाली. ती अमात्य श्यामकास आहे आणि राजाबरोबर राजमातेचेंही नांव तींत आहे. तींतील मजकूर वाचून मनुष्य थबकतो. पूर्वीं कखडी गांवांत भिक्षूंस जें शेत दिलें होतें, तें शेत कसलें जात नाहीं आणि तो गांवही वसता नाहीं. असें आहे म्हणून नगराच्या शिवेवरच्या राजकीय शेतांतून शंभर निवर्तनें त्यांस द्यावीं. एवढेंच. आकांडतांडव नाहीं, सबब नाहीं. गांव ओस पडला, नांगर थांबला, दानपत्र मात्र जसेंच्या तसें उभें होतें. दोनशें निवर्तनांच्या जागीं आतां शंभरच मिळालीं, पण तीं वसत्या नगराच्या कडेचीं होतीं.

दानाच्या इतिहासांत याहून प्रामाणिक लेख क्वचितच सांपडेल. बहुतेक दानपत्रांत ‘चंद्रसूर्य असेपर्यंत’ अशी भाषा असते, आणि मोडणाऱ्याला साठ हजार वर्षें कृमि होण्याचा शाप असतो. कखडीचें दान कोणीं मोडलें नव्हतें. तें आपोआप निकामी झालें. सहा वर्षांत ही गोष्ट राजापर्यंत पोहोंचली आणि चूक दुरुस्त झाली, कारण दाता जिवंत होता, त्याची माता जिवंत होती आणि गोवर्धनास त्यांचा अमात्य होता. दाता मेल्यावर सहाव्या वर्षीं असें झालें असतें तर कोणाकडे जावयाचें, हा प्रश्न त्या लेखांत नाहीं. पण ज्यांनीं आपलें दान श्रेणीकडे ठेविलें त्यांच्या मनांत तो असलाच पाहिजे. मनुष्य मरतो, वंश खुंटतो, राजा बदलतो. श्रेणींतला एक कोष्टी मेला तर त्याचा मुलगा मागावर बसतो. श्रेणी मरत नाहीं.

अशा ठेवी केवळ नाशिकासच होत्या असें नाहीं. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणारांच्या व कांसारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. उत्तरेस मथुरेच्या एका लेखांत, हुविष्काच्या काळीं २८ व्या वर्षीं, एका पुण्यशाळेकरितां दोन श्रेणींकडे प्रत्येकीं ५५० पुराण नांवाचीं नाणीं ठेविलेलीं आहेत. त्यांतील एक श्रेणी पिठाचा धंदा करणारांची. त्यांच्या व्याजांतून दरमहा शंभर ब्राह्मणांस भोजन आणि दररोज शाळेच्या दारांत भुकेल्या, तान्हेल्या, निराधार लोकांकरितां सातूचें पीठ, मीठ, हिरवी भाजी असे जिन्नस मोजून ठेवावयाचे. पीठ किती आढक आणि मीठ किती प्रस्थ, हेंही दगडावर लिहून ठेविलें आहे. उपाशी मनुष्यास शिलालेख वाचतां आला नसेल. पण आज पीठ कमी आहे असें कोणीं म्हटल्यास बोट दाखवावयास जागा होती.

सांचीची गोष्ट आणखी लहान आहे, आणि म्हणूनच अधिक गोड आहे. गुप्त संवत् १३१ मध्यें, म्हणजे इ. स. ४५०-५१ च्या सुमारास, हरिस्वामिनी नांवाच्या एका उपासिकेनें तेथील संघास बारा दीनार दिले. त्यांच्या व्याजांतून रोज एका भिक्षूस जेवूं घालावें. रत्नगृहांतील तीन दिव्यांकरितां तिनें तीन दीनार निराळे ठेविले, आणि जेथें चार बुद्धमूर्ति बसविलेल्या आहेत तेथील एका दिव्याकरितां एक दीनार. एका दिव्याला एक दीनार हा तिचा हिशेब दोन्ही ठिकाणीं सारखा आहे. राजकन्या नव्हे, क्षत्रपाची लेक नव्हे, घरची बाई. एक पान आणि चार दिवे एवढाच तिचा संकल्प, आणि तेवढ्यापुरतें मुद्दल तिनें बाजूस काढलें.

श्रेणी मरत नाहीं हें खरें, पण ती गांव सोडून जाऊं शकते. मंदसोरचा सुप्रसिद्ध लेख याच गोष्टीची साक्ष देतो. रेशमी कापड विणणाऱ्यांची एक श्रेणी लाट देश सोडून दशपुरास आली, इ. स. ४३६ मध्यें तिनें तेथें सूर्यमंदिर बांधलें आणि ४७३ मध्यें त्याचा जीर्णोद्धार केला. पण तोंवर तिच्यांतील कित्येकांनीं माग सोडून धनुर्विद्या, ज्योतिष, कथाकथन असले दुसरे व्यवसाय पत्करले होते. ज्यानें लाट देशांत या लोकांकडे दिव्याच्या तेलाची ठेव ठेविली असती, त्यानें काय करावयाचें? एका ब्राह्मणास हा प्रश्न सुचला होता. बुलंदशहर जिल्ह्यांतील इंदोर या गांवीं (माळव्यांतलें इंदूर नव्हे) एक ताम्रपट सांपडला आहे. तो स्कंदगुप्ताच्या काळचा, इ. स. ४६५-६६ चा आहे. देवविष्णु नांवाच्या ब्राह्मणानें सूर्यमंदिरांतील दिव्याकरितां तेल्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेविली. श्रेणीनें रोज दोन पळें तेल द्यावयाचें. आणि अट अशी कीं, श्रेणी हें गांव सोडून दुसरीकडे गेली तरी, जोंवर ती एकजुटीनें राहील तोंवर, तेल देण्याचें तिचें बंधन सुटणार नाहीं. गांवाशीं नव्हे, एकजुटीशीं करार. शापही आहे, गोहत्येचा व गुरुहत्येचा. पण देवविष्णूचा भरंवसा शापापेक्षां अटीवर अधिक असावा.

पुढील काळांत महाराष्ट्रांत धर्मादायाची मुख्य वाट जमिनीची व राजाच्या खजिन्याची राहिली. देवस्थानें, मठ, विद्वान् यांना गांवें आणि शेतें इनाम मिळत, रोख मिळत. पुण्याची दक्षिणा हें त्यांतील सर्वांत गाजलेलें उदाहरण. दाभाड्यांनीं तळेगांवीं सुरू केलेली ही श्रावणमासाची दक्षिणा पुढें पेशव्यांकडे आली, आणि कांहीं सालीं लाखांनीं रुपये वांटले गेले. दूरदूरचे विद्वान् पुण्यास येत. पण या एवढ्या मोठ्या धर्माला मुद्दल नव्हतें. प्रत्येक श्रावणांत खजिन्याची कळ फिरली पाहिजे. १८१८ सालीं खजिना दुसऱ्याच्या हातीं गेला आणि दक्षिणा कंपनी सरकारच्या मर्जीवर आली. एल्फिन्स्टनच्या धोरणामुळें ती एकदम बंद पडली नाहीं. त्यांतून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ सालीं पुण्यांतील नव्या पिढीनें, त्यांत लोकहितवादी प्रमुख होते, या पैशाचा कांहीं भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनास द्यावा असा अर्ज केला. जुन्या मंडळींस तो धर्मबुडवेपणा वाटला. त्यांच्या बाजूनेंही बोलण्यासारखें होतें : ज्याला दिलें त्याच्या तोंडचा घास दुसऱ्यास कां? तरी १८५१ पासून दक्षिणा प्राइज कमिटी चालूं झाली, आणि पुढें कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊं लागले. न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर हे दोघेही तरुणपणीं दक्षिणा फेलो होते. शालजोडीची दक्षिणा फेलोशिपच्या रूपानें उरली, ती अर्जदारांच्या खटपटीनें आणि सरकारच्या सोयीनें. कोणा दात्याच्या लेखानें तिला तारलें असें म्हणतां येणार नाहीं.

मृत्युपत्रानें ठेविलेल्या ठेवीचें सर्वांत सविस्तर टिपलेलें उदाहरण मात्र सातासमुद्रांपलीकडचें आहे, आणि गंमत अशी कीं, तेथेंही पैसा कारागिरांच्याच हातीं दिला होता. अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन १७९० सालीं वारला. आदल्या वर्षीं त्यानें मृत्युपत्रास पुरवणी जोडून बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांस प्रत्येकीं एक हजार पौंड ठेविले. ज्यांनीं उमेदवारी पुरी केली आहे अशा पंचविशीच्या आंतल्या विवाहित कारागिरांस, दोन जामीन घेऊन, शेंकडा पांच व्याजानें त्यांतून कर्ज द्यावें; दरसाल एक दशांश फेड घ्यावी. व्याजावर व्याज चढून शंभर वर्षांत १,३१,००० पौंड होतील. त्यांतील एक लक्ष लोकोपयोगी कामांत घालून बाकीचे आणखी शंभर वर्षें तसेच वाढवावे. दोनशें वर्षांनीं चाळीस लाखांवर पौंड होतील. स्वतः छापखान्यांत उमेदवारी केलेल्या, उधारीच्या पैशावर धंदा उभारलेल्या मनुष्याचा हा हिशेब. गणितांत चूक नव्हती.

चूक जगांत झाली. उमेदवारीची पद्धतच हळूहळू मोडली. यंत्रांचे कारखाने आले. गुरूच्या घरीं राहून धंदा शिकलेला, पंचविशींतला, विवाहित कारागीर मिळेनासा झाला. ज्यांनीं कर्जें घेतलीं त्यांच्यापैकीं कित्येकांनीं तीं बुडविलीं. बोस्टनच्या विश्वस्तांनीं पुष्कळ पैसा विमा कंपनीकडे वाढीस लाविला. त्यांतूनच पहिल्या शतकाअखेर निघालेल्या रकमेला अँड्र्यू कार्नेगीच्या देणगीची जोड मिळून तेथें १९०८ सालीं कारागिरांकरितां फ्रँकलिन युनियन ही धंदेशिक्षणाची शाळा उघडली. दोनशें वर्षें भरलीं तेव्हां बोस्टनच्या ठेवीचे सुमारें पन्नास लाख डॉलर झाले होते, आणि फिलाडेल्फियाच्या ठेवीचे वीस लाखांच्या वर. बीज सारखें, अटी सारख्या, वर्षें सारखीं. फळ मात्र दुपटीहून अधिक फरकाचें. हा फरक मृत्युपत्राच्या शब्दांत नव्हता. तो दोन शहरांतील विश्वस्तांच्या दोन शतकांच्या कारभारांत होता.

हिंदुस्थानांत १८९० च्या धर्मादाय देणग्यांच्या कायद्यानें सरकारी खजिनदाराची योजना झाली. दात्यानें वा विश्वस्तांनीं इच्छा दर्शविल्यास धर्मादायाचा पैसा या खजिनदाराच्या नांवें होतो आणि रोख्यांत गुंतविला जातो. खजिनदार म्हणून बसलेला मनुष्य बदलतो, निवृत्त होतो, मरतो. खजिनदार मरत नाहीं. गोवर्धनच्या श्रेणीचेंच काम कायद्यानें एका खुर्चीस दिलें. पुढें १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांच्या कायद्यानें (तो पूर्वीं मुंबईच्या नांवानें ओळखला जाई, आतां महाराष्ट्राच्या) प्रत्येक न्यासाची नोंद, मालमत्तेचें परिशिष्ट, तपासलेले हिशेब आणि धर्मादाय आयुक्ताची देखरेख आली. निगमसभेंतील फळी ती हीच. मूळ हेतु पार पाडणें अशक्य झालें तर कायदेशीर आज्ञा घेऊन त्या हेतूच्या शक्य तितक्या जवळच्या कामीं पैसा लावण्याची सोयही त्यांत आहे. कखडी ओस पडल्यावर राजानें जें केलें तें आतां राजावांचून करतां येतें.

तरी एक गोष्ट कोणताही कायदा करूं शकत नाहीं. गांवोगांवच्या शाळा, वाचनालयें, वसतिगृहें यांच्या जुन्या अहवालांत एक हजार रुपयांच्या देणग्या पानोपानीं सांपडतात. साडेतीन टक्क्यांचे सरकारी रोखे घेतले म्हणजे साल अखेर ३५ रुपये हातीं येत. त्या काळीं त्या पस्तीस रुपयांत एका गरीब विद्यार्थ्याचीं वर्षाचीं पुस्तकें येऊन वर फीलाही हातभार लागे. आज मुद्दल जागेवर आहे, विश्वस्त सचोटीचे आहेत, हिशेब तपासलेला आहे, आणि पस्तीस रुपयांत एक चांगली वही येईल कीं नाहीं याची शंका आहे. कोणीं चोरी केली नाहीं. कखडीचें शेत पुन्हां एकदां ओस पडलें, एवढेंच.

यावर कांहीं संस्थांनीं जो उपाय केला तो कष्टाचा पण साधा आहे. आलेलें सगळें व्याज खर्चावयाचें नाहीं. महागाईइतका भाग मुद्दलांत परत घालावयाचा आणि उरलेल्यांत भागवावयाचें. समजा, ठेवीवर शेंकडा सात मिळतात आणि भाव शेंकडा पांचांनीं चढतात. तर खर्चावयास खरे दोनच आहेत, सात नाहींत. लहान संस्थेला हें फार जड जातें. समोर फीकरितां उभा असलेला मुलगा आजचा असतो, आणि ज्याच्याकरितां पांच राखावयाचे तो अजून जन्मासही आलेला नसतो. चिटणीसानें कोणाचें तोंड पाहावें? बारीकसारीक ठेवी एकत्र करून त्यांचा एक कायम निधि करणें, आणि दात्याचें नांव मात्र पारितोषिकास तसेंच ठेवणें, हीही एक वाट आहे. मृत्युपत्र लिहिणारानें संस्थेचें नोंदलेलें नांव बरोबर लिहावें, मुद्दल राखावयाचें कीं नाहीं हें स्पष्ट सांगावें, आणि ‘अमुक इयत्तेच्या अमुक मुलास अमुक पुस्तक’ असें न लिहितां ‘गरजू विद्यार्थ्याच्या शिक्षणास’ असें लिहावें, तर त्याच्या मागून येणारांचीं पुष्कळ कोर्टाचीं खेटीं वांचतात. मुंबईच्या जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीसारखें उदाहरण निराळें. तेथें रकमेपेक्षां मानच मोठा, आणि मानाला महागाईची झळ लागत नाहीं. पण असा मान सर्वांच्या नशिबीं नसतो.

नाशिकच्या दहाव्या लेण्याच्या अंगणांत, डाव्या हाताच्या भिंतीवर, आणखी एक लेख आहे. तो उषवदाताच्या लेखाहून शंभरांवर वर्षांनीं अलीकडचा, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा आहे. कांहीं ठिकाणीं अक्षरें झिजलीं आहेत. मधल्या काळांत क्षहरात गेले, सातवाहन आले आणि गेले. गोवर्धनांतील श्रेणी मात्र होत्या. शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिल याची पत्नी आणि गणपक विश्ववर्मा याची माता विष्णुदत्ता हिनें त्यांच्याकडे अक्षयनीवी ठेविली : कुलरिकांच्या श्रेणीकडे एक हजार कार्षापण, ओदयंत्रिकांच्या श्रेणीकडे दोन हजार, आणि कांहीं रक्कम तेल्यांच्या श्रेणीकडे. तिच्या व्याजांतून काय करावयाचें तें शब्द सुदैवानें शाबूत आहेत. त्रिरश्मीवरच्या विहारांत जे भिक्षु आजारी पडतील, ते कोठूनही आलेले असोत, त्यांच्या औषधपाण्याकरितां.